'लुकिंग फॉर लँगस्टन': नाव एकाचं, कविता दुसऱ्यांच्या?

रानजाई: काल ब्रिटिश दिग्दर्शक आयझॅक ज्युलियनचा हा सिनेमा पाहिला. १९८९ चा, पाऊण तासाचा, कृष्णधवल. न्यू यॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला कवी लँगस्टन ह्यूज आणि कृष्णवर्णीय गे पुरुषांचं जग असा विषय. गोष्ट अशी नाहीच. शवपेटी, लिलीची फुलं, नाचणारे पुरुष, पंख लावलेले देवदूत. देखणा आहे, वादच नाही. पण ह्यूजने स्वतः गे आहे की नाही यावर जन्मभर तोंड उघडलं नाही. आर्नोल्ड रॅम्परसाडच्या दोन खंडांच्या चरित्रातही ठोस पुरावा नाही. सिनेमात मात्र ऐंशीच्या दशकातला गे कवी एसेक्स हेंफिल आणि ह्यूजच्याच काळातला लेखक ब्रूस न्यूजंट यांच्या ओळी वाजतात आणि आपण त्या ह्यूजच्या खाती जमा करतो. मेलेल्या माणसाला असं ओढून घ्यावं का?

तिरकीरेघ: नावातच 'शोध' आहे ना? सापडला असं कोण म्हणतंय? आणि पुरावा कसला हवाय, पावती? १९५३ साली अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकणाऱ्या सिनेटर मॅकार्थीच्या समितीसमोर राजकीय मतांसाठी हजर व्हावं लागलेला माणूस तो. अशा माणसाने खासगी गोष्ट लिहून ठेवावी?

रानजाई: १९२६ मध्ये 'फायर!!' या हार्लेमच्या तरुण लेखकांच्या अंकात न्यूजंटने उघड लिहिलंच की! त्याच अंकामागे ह्यूजही होता. म्हणजे लिहिणं शक्य होतं, त्याने लिहिलं नाही. गप्प बसणं ही त्याची निवडही असू शकते.

तिरकीरेघ: हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण म्हणूनच न्यूजंटच्या ओळी तिथे हव्यात. एक बोलला, एक नाही, दोघे एकाच टेबलाभोवतीचे.

सोनकी: तुम्ही दोघं लँगस्टनमध्येच अडकलात. शवपेटीत कोण झोपलंय ते पाहिलंत का? खुद्द ज्युलियन! वर अंत्यदर्शन, आणि कॅमेरा सावकाश खाली उतरतो तर क्लबमध्ये जोड्या फोटोतल्यासारख्या गोठून उभ्या, मग हळूच हलायला लागतात. एड्सने माणसं जात होती ते दिवस, ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये सेक्शन २८, म्हणजे स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा 'प्रचार' करायला बंदी घालणारं कलम, आलेलं. दिग्दर्शक स्वतःचंच सुतक पाळतोय. लिली म्हणजे अमुक, पंख म्हणजे तमुक असं गाइड उघडून बसू नका.

रानजाई: शवपेटीचं माहीत नव्हतं. परत बघते. पण देखणेपणाचं काय? मॅपलथॉर्प या गोऱ्या छायाचित्रकाराने काढलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांच्या नग्न फोटोंवर टीका करायची आणि आपणही तशीच घासूनपुसून शरीरं दाखवायची?

सोनकी: त्या प्रसंगात पडद्यांवर मॅपलथॉर्पचेच मोठाले फोटो पडलेत आणि एक गोरा पुरुष त्यांतून फिरतोय, हात लावतोय. वर हेंफिलची कविता त्याच नजरेचं वस्त्रहरण करते. चित्र भुरळ घालतं, कविता चिमटा काढते.

तिरकीरेघ: मला तर तिथेही चिमट्यापेक्षा भुरळच जास्त वाटली.

गावठीकट्टा: खरी गंमत कुणीच सांगितली नाही. ह्यूजच्या वारसांनी कवितांवर हरकत घेतली. न्यू यॉर्कच्या महोत्सवात पडद्यावर ह्यूज कविता वाचू लागला की आवाज बारीक केला गेला. ओठ हलतायत, शब्द नाहीत! यापेक्षा मोठं प्रतीक ज्युलियनला तरी सुचलं असतं का?

रानजाई: किंवा वारसांनी माझंच म्हणणं ऐकलं, हेंफिलच्या ओळींशेजारी त्याला बसवू नका म्हणाले.