उतारवयातली भाषा आणि बुद्धी : तुमचे अनुभव लिहा

साठी-सत्तरीनंतर बोलण्या-विचारांचा वेग मंदावतो, पण शब्दसंग्रह बहुतेकांचा टिकतो, कधी वाढतोही. तुमच्या घरात काय बदललं, काय टिकलं? ज्येष्ठांनी स्वतःबद्दलही जरूर लिहावं.

निवृत्त शिक्षिका, सातारा
वय ७४. आधी विशेषनामं निसटतात. विद्यार्थ्याचा चेहरा, बाक, वडिलांचं दुकान सगळं आठवतं, नाव तेवढं ओठांवर अडतं. तासाभराने भाजी निवडताना आपसूक येतं. शब्दकोडी मात्र पूर्वीपेक्षा चांगली सुटतात.

सांगली
आईचं माहेर धारवाडचं. लग्नानंतर सगळा संसार मराठीत झाला. अल्झायमरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराचं, निदान झाल्यावर मराठी हळूहळू मागे पडली. आता पाणीसुद्धा कानडीत मागते. आम्हा भावंडांना कानडी जेमतेम कळतं. शेजारच्या कानडी काकू संध्याकाळी येऊन बसतात, तेव्हा आई पूर्ण वाक्यं बोलते, हसते. ज्यांच्या घरी अशी दुसरी मातृभाषा आहे, त्यांनी ती बोलणारं माणूस आत्ताच शोधून ठेवा.

हैदराबाद
सांगलीकर, आईंना नमस्कार. तेव्हा इथल्या निझाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयात असलेल्या सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला, अगदी निरक्षरांतही. एकेका माणसाचं भविष्य यावरून सांगता येत नाही, हे खरं. पण माझी आजी कधी शाळेत गेली नाही आणि ऐंशी उलटल्यावरही मराठी, तेलुगू, दखनी तिन्हींत बाजारात घासाघीस करायची. म्हणून मुलांना घरात मराठी बोलायला लावते.

पुणे
बाबा गप्प राहायचे, भलतीच उत्तरं द्यायचे. नातेवाईक म्हणाले, भ्रमिष्ट झाले. कान तपासले, श्रवणयंत्र बसवलं. आता राजकारणावर वाद घालतात! कमी ऐकू येणं हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटकही मानतात, तेव्हा कानांकडे लक्ष द्या.

कोल्हापूर
आजोबा जेवल्याचं विसरतात, पण पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणतात. लहानपणी घोकलेलं फार खोल रुजतं.

नागपूर
सासरे दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागले. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. उपचारांनी पूर्ववत झाले. लघवीच्या जंतुसंसर्गानेही असं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षानुवर्षांचं विसरणं वेगळं. एकाएकी बोलणं बिघडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर क्षणभरही थांबू नका.