वेळ काढायचा, पण कुठून?
‘रुग्णाची काळजी घेणाऱ्याने स्वतःसाठीही वेळ काढावा’ हा नेहमी दिला जाणारा सल्ला योग्य असला, तरी तो वेळ कुठून काढायचा हे सांगितल्याशिवाय अपुराच राहतो. हार्ट फेल्युअरच्या (म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू शकत नाही अशा) रुग्णांना बहुधा लघवी वाढवणारी गोळी दिलेली असते. तिचा दुसरा डोस संध्याकाळी उशिरा घेतला, तर रुग्णाला रात्री वारंवार उठावे लागते आणि त्याच्यासोबत घरातले कोणीतरी, आपल्याकडे बहुतेक वेळा पत्नी किंवा सून, जागे राहते. हा डोस दुपारी देता येईल का, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे, कारण एवढ्या बदलानेही दोघांची झोप सुधारू शकते. रोज सकाळी न्याहारीपूर्वी केलेल्या वजनाची नोंद ठेवण्याची आणि 3 दिवसांत 2 किलोंहून अधिक वाढ (अंगात पाणी साठत असल्याची खूण) दिसताच डॉक्टरांना कळवण्याची जबाबदारी परगावी राहणाऱ्या मुलालाही फोनवरून घेता येते (नुसती विचारपूस करण्यापेक्षा ते निश्चित बरे). लोणचे-पापडावरून होणारे वादही एकटीच्या माथी मारू नयेत. मिठाचे पथ्य डॉक्टरांनी सर्वांसमोर सांगावे. कमी सोडियमचे मीठ मात्र त्यांना विचारल्याशिवाय आणू नये, कारण त्यातील पोटॅशियम हृदयाच्या काही औषधांसोबत घातक ठरू शकते.