शब्दचर्चा : चेटकीण

पेडण्याहून विचारतेय. शाळेच्या हस्तलिखितासाठी अमेरिकेतल्या सेलमच्या 1692 सालच्या खटल्यांवर लिहायला घेतलं. 'चेटकिणींचे खटले' असं शीर्षक दिलं आणि तिथेच अडले. फासावर गेलेल्या 19 जणांत 14 बाया, पण 5 पुरुषही होते. शिवाय 'चेटकीण' म्हटलं की आरोप आपण आधीच मान्य केला, नाही का?

– ताई, शंका रास्त आहे. संस्कृत 'चेट' म्हणजे चाकर. भुताला चाकरीला जुंपणं ते चेटूक, असा रोख. कोशात 'चेटक्या'ही सापडेल, पण कुणाच्या तोंडी ऐकलात? मंत्र घालणारा बाप्या आपल्याकडे घाडी होतो, भगत होतो. नारळ-विडा घेऊन आपणच त्याची पायरी चढतो. बाईच्या वाट्याला शिवी. वज्रयान या बौद्ध तांत्रिक पंथात डाकिनी पूज्य, आणि सातपुड्यात 'डाकीण' ठरली की बाईला मार.

– युरोपात तर व्याकरणच साक्षीला आहे. हाइनरिश क्रामर या धर्मगुरूचा 1486च्या सुमाराचा ग्रंथ 'मालेउस मालेफिकारुम', म्हणजे 'चेटकिणींवरचा हातोडा'. यातलं 'मालेफिकारुम' स्त्रीलिंगी अनेकवचन. पुरुष धरले असते तर 'मालेफिकोरुम' झालं असतं. महाशयांनी 'फेमिना' शब्दही फोडलाय : 'फे' म्हणजे श्रद्धा, 'मिनुस' म्हणजे उणी! आपले हौशी व्युत्पत्तिकार परवडले, निदान कुणाचा जीव घेत नाहीत.

– मी जुन्या गोव्याकडचा, म्हणून खटल्याचं बोलतो. इथल्या इन्क्विझिशनमध्ये, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयात (1560 ते 1812, मधली थोडी वर्षं बंद), साक्ष कुणी दिली हे आरोपीला कळू देत नसत. सेलममध्ये कळे, पण पुरावा कसला? हिची छाया येऊन मला चिमटे काढते, म्हणे. बाई तेव्हा आपल्या घरात होती हे दाखवूनही उपयोग नाही, छाया वेगळी फिरते ना! कबूल केलं ते वाचले, नाही म्हणाले ते लटकले. 'चेटकाच्या आरोपाचे खटले' लिहा. लांबतं, लांबू दे.

– बदललं. आणि हो, आमच्याकडचं 'चेडूं' पण याच 'चेट'च्या घरातलं का?

– त्याच. चाकर, मग पोर, मग पोरगी.

– आईला सांगत नाही. दिवसातून दहादा ती नातीला 'गो चेडवा' म्हणून हाक मारते.