आधी तू दे, मग मी देतो

लातूर, औसा रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. शनिवार संध्याकाळ.

सचिव, ए-१०१: उद्या सकाळी १० वाजता गच्चीवर लेकरांना घेऊन बसायचंय. विषय: रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळांच्या ॲपवरच्या ‘ॲडॉप्ट मी’ या खेळातली पेटांची, म्हणजे पाळीव प्राण्यांची, अदलाबदल आणि तीत होणारी फसवणूक. पाचवी ते आठवीची निम्मी लेकरं सुट्टीभर तिथंच असतात. ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी मुद्दे इथंच टाका.

डी-४०१ काकू: पडद्यावरचं चित्रातलं जनावर ते. त्याच्यासाठी कोण कुणाला फसवील?

सी-२०४: काकू, चित्र असलं तरी त्याला भाव आहे. शॅडो ड्रॅगन २०१९ च्या हॅलोविनला १००० रोबक्सला (रोब्लॉक्सचं चलन, खऱ्या पैशानं घ्यायचं) मिळायचा, फ्रॉस्ट ड्रॅगन त्याच वर्षीच्या नाताळात १००० लाच. मग विक्री बंद झाली. आता ते फक्त एकमेकांकडूनच मिळतात. माल वाढत नाही, मागायला लाखो लेकरं, म्हणून भाव चढला.

दुसरं म्हणजे मेहनत. एकाच जातीची ४ पेटं पूर्ण वाढवून एकत्र केली की १ निऑन, म्हणजे चमकणारं पेट, होतं, आणि अशी ४ निऑन मिळून १ मेगा निऑन. म्हणजे एका मेगामागं १६ पेटं. प्रत्येकाला खाऊ घाल, झोपव, आंघोळ घाल. त्यात लेकराचे कित्येक आठवडे गेलेले असतात. ते गेलं की लेकरू जेवत नाही, आणि आपण म्हणतो ‘गेम तर आहे’. असं म्हणू नका. पुढच्या वेळी ते आपल्याला सांगायचंच नाही.

डी-४०१ काकू: हे माहीत नव्हतं. सांगा पुढं.

सी-२०४: आधी खरी अदलाबदल कशी होते ते लेकरांकडून वदवून घ्या. विनंती येते, ट्रेडची खिडकी उघडते. डावी-उजवीकडं दोघांचा माल दिसतो. दोघांनी ‘ॲक्सेप्ट’ केलं की दुसरा पडदा येतो, तिथं पुन्हा ‘कन्फर्म’ करायचं. दोघांनी केलं की माल एकाच क्षणी बदलतो. सौदा एवढाच. जे त्या खिडकीत दिसत नाही ते सौद्यात नाही, मग चॅटमध्ये त्यानं काहीही कबूल केलेलं असो.

आता फसवणुकीचे जेवढे प्रकार आहेत त्यातल्या बहुतेकांत एकच गोष्ट असते: माल किंवा मोबदला त्या खिडकीच्या बाहेर नेणं. ‘आधी तू दे, मग मी देतो’ याला लेकरं ‘ट्रस्ट ट्रेड’ म्हणतात. ‘तुझं पेट मी डबल करून देतो.’ ‘चार पेटं दे, मी निऑन करून आणतो.’ ‘खिडकीत एवढा माल मावत नाही, दोन खेपा करू.’ बोलण्याची रीत वेगळी, काम तेच.

बी-३०३: निऑनवाल्या प्रकारात लहान लेकरं जास्त सापडतात. त्यांना सांगा, खेळातल्या निऑनच्या गुहेत स्वतःची चार पेटं ठेवून स्वतःलाच निऑन करता येतं, पैसे लागत नाहीत. दुसऱ्याच्या हाती द्यायचं काही कारणच नाही. डबल करण्याचं तर कुठलं बटणच खेळात नाही.

ए-२०२: दोन खेपांबद्दल थोडं सविस्तर सांगा भैय्या. तिथं तर खरंच जागा ठरावीक असते.

सी-२०४: जागा ठरावीक असते हे खरं, म्हणूनच ते पटतं. पण बघा, पहिल्या खेपेत तुमच्या मोठ्या पेटाबदल्यात तो थोडाच माल ठेवतो, उरलेला ‘पुढच्या खेपेत’. पहिली खेप झाली की खेळातून बाहेर. दुसऱ्या खेपेला त्याला बांधून ठेवणारं काहीच नसतं. खरा देणारा असेल तर त्यानं बारीकसारीक दहा वस्तूंऐवजी एकच मोठी ठेवावी. नसेल तर सौदा सोडून द्यायचा.

बी-३०३: आता खिडकीच्या आतला प्रकार, तो ओळखायला अवघड. त्याला ‘क्विक स्विच’ म्हणतात.

समोरचा आधी खरा माल ठेवतो. तुम्ही खूश. मग तो काढून घेतो, ‘लॅग झाला’, ‘चुकून दुसरं दाबलं’ म्हणतो आणि परत ठेवतो. परत ठेवलेलं पेट दिसायला तसंच, पण किंमत बरीच कमी. कारण पेटावर लहान अक्षरं असतात: ‘एफ’ म्हणजे उडतं, ‘आर’ म्हणजे त्यावर बसता येतं, ‘एन’ निऑन, ‘एम’ मेगा. एफ-आर असलेल्या पेटाच्या जागी बिनाअक्षराचं ठेवलं जातं, किंवा त्याच रंगाचं दुसऱ्याच जातीचं.

माल बदलला की आधीचं ॲक्सेप्ट रद्द होतं. ही सोय लेकरांसाठीच आहे, पण घाईत लेकरं ॲक्सेप्ट परत दाबून टाकतात.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेताना दात बघितल्याशिवाय कुणी दोरी हातात घेत नाही. तसं दुसऱ्या पडद्यावर थांबून तीन गोष्टी बघायच्या: नाव, अक्षरं, नग. बोट ठेवून वाचायचं. समोरच्यानं एकदा जरी माल काढून परत ठेवला तरी सरळ ‘डिक्लाइन’. खिडकी बंद होते, तुमचं काहीच जात नाही.

सचिव, ए-१०१: हे गच्चीवर करून दाखवता येईल का?

बी-३०३: येईल. दोन टॅबलेट, दोन खाती. एक जण स्विच करील, लेकरांनी ओरडून सांगायचं काय बदललं ते. नुसतं सांगून डोळा तयार होत नाही.

डी-१०२: घाई हीसुद्धा खूण म्हणून शिकवा. ‘लवकर कर, आई बोलवायली’, ‘सर्व्हर बंद व्हायलाय’, ‘दुसरा जास्त द्यायलाय’. कारण लेकरू थांबून वाचायला लागलं की फसवणाऱ्याचा डाव फसतो.

ए-३०४ ताई: आणि भावाची यादी? आमच्या मजल्यावरची पोरं सारखी कुठली तरी साइट दाखवतात.

सी-२०४: ताई, खेळ बनवणाऱ्यांची अधिकृत भावयादी नाही. ज्या आहेत त्या खेळणाऱ्यांनीच केलेल्या, आणि दोन याद्यांत फरक असतो. यादी बघायला हरकत नाही, पण समोरच्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट किंवा लिंक मानायची नाही, आकडा बदलून चित्र करणं सोपं आहे. अडतीत आपण भाव व्यापाऱ्याच्या वहीतून घेत नाही, बाहेर फलकावर बघतो, तसं. यादी स्वतः उघडायची, आणि सौदा चालू असताना नाही, आधी.

बी-३०३: मध्यस्थाचा प्रकार राहिला. ‘दोघांचा माल तिसऱ्याकडं ठेवू, तो भरवशाचा आहे, बघ किती जणांनी चांगलं लिहिलंय.’ ते चांगलं लिहिणारे त्याचीच दुसरी खाती असतात. जो खेळ खिडकीतून एकाच क्षणी अदलाबदल करतो तिथं मध्यस्थाची गरज कुठं? मध्यस्थ लागतो तो फक्त एका खेळातला माल दुसऱ्या खेळातल्या मालाशी किंवा खऱ्या पैशाशी बदलायला. आणि ते दोन्ही नियमाबाहेर आहे. फसलात तर तक्रारच करता येत नाही, उलट स्वतःचं खातं बंद होऊ शकतं.

डी-१०२: पैशाचा विषय आलाच तर: पेटाबदल्यात गिफ्ट कार्डाचा कोड मागतात. ‘फोटो पाठव, खरं आहे का बघतो.’ कोड दिसला म्हणजे पैसे गेले, कार्ड हातात असलं तरी. यूपीआयचंही तसंच. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपल्याच खात्यातून जातात. लेकरांना आईबापाचा पिन माहीत असणं बंद करा, आजच.

डी-४०१ काकू: माझा पिन नातवाला माहीत आहे. बदलते.

डी-१०२: बदला काकू. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीच्या वेळी दरवेळी खातरजमा मागण्याची सोय आहे, ती चालू करा. चुकून खरेदी झालीच तर गूगलकडं परताव्याची मागणी ४८ तासांच्या आत करायची. आणि १३ वर्षांखालच्या लेकरांसाठी रोब्लॉक्समध्ये नोव्हेंबर २०२४ पासून पालकाचं खातं लेकराच्या खात्याला जोडता येतं. तिथून महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येते.

ए-२०२: पेट जाणं एक, आणि अख्खं खातंच जाणं वेगळं. ते कसं होतं?

सी-२०४: हा सगळ्यात वाईट प्रकार, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही एकदा लॉगिन झालात की ब्राउझरमध्ये एक लांबलचक कुकी, म्हणजे तुमची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ, साठते. तिच्यामुळं दरवेळी पासवर्ड मागत नाहीत. ती ज्याच्या हाती गेली तो पासवर्ड न टाकता, ओटीपी न येता तुमच्या खात्यात शिरू शकतो. म्हणून ‘आमच्याकडं ओटीपी लावलेला आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

रोब्लॉक्सनं त्या कुकीच्या सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत इशारा घातलाय: ‘वॉर्निंग, डू नॉट शेअर धिस’. तरी लेकरं देतात, कारण त्यांना ती दिसतच नाही. सांगणारा म्हणतो, ‘तुझा ड्रेस कॉपी करून देतो. संगणकावर इन्स्पेक्ट उघड, नेटवर्कवर जा, त्या ओळीवर राइट क्लिक करून कॉपी कर आणि मला पेस्ट कर.’ त्या कॉपी केलेल्या ढिगात कुकी असते. दुसरा रस्ता म्हणजे ब्राउझरचं एक्स्टेन्शन, ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप: ‘हे टाक, पेटांचे भाव आपोआप दिसतील.’ तिसरा, खोटं लॉगिनचं पान.

वेबपानाचा पत्ता वाचायची पद्धत शिकवा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकटी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. तिथं ‘रोब्लॉक्स डॉट कॉम’ असलं तरच खरं. ‘रोब्लॉक्स डॉट कॉम डॉट अमुक’ असेल तर ते पान त्या अमुकचं.

फुकट रोबक्स देणारी साइट नसतेच. हे एक वाक्य पाठ करून घ्या.

ए-२०२: आणि कुकी गेलीच तर काय करायचं?

सी-२०४: क्रम महत्त्वाचा आहे. आधी संशयाचं एक्स्टेन्शन काढा, किंवा सरळ दुसऱ्या मोबाइलवरून काम करा. नाहीतर नवीन कुकीही त्याच्याकडंच जाते, आणि बहुतेक जण इथंच चुकतात. मग पासवर्ड बदला. मग सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात ‘बाकी सगळीकडून लॉगआउट’ दाबा. त्यानंतर नोंदवलेला ई-मेल आपलाच आहे का ते बघा, चोर तो आधी बदलतो. शेवटी ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनच्या वेळचा कोड देणारं) जोडा आणि त्याचे बॅकअप कोड वहीत लिहून ठेवा.

आत शिरताच येत नसेल तर रोब्लॉक्सच्या मदत विभागाला ३० दिवसांच्या आत लिहायचं. त्यानंतर गेलेला माल परत देण्याचा विचार करत नाहीत.

ए-३०४ ताई: आणि जे स्वतःच्या हातानं ट्रस्ट ट्रेडमध्ये दिलं ते?

बी-३०३: ते परत मिळत नाही ताई. लेकरांना हे आधीच स्पष्ट सांगा. तक्रार करायची ती पुढच्या लेकरासाठी. आणि ‘तुझं गेलेलं पेट काढून देतो, थोडे रोबक्स दे’ म्हणणारा लगेच येतो, तो दुसरा चोर.

डी-१०२: तक्रारीला पुरावा कसा घ्यायचा तेही टाका.

बी-३०३: विनंती आल्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत स्क्रीन रेकॉर्ड करायचं. अँड्रॉइडवर वरून पट्टी ओढली की ‘स्क्रीन रेकॉर्ड’ असतं, विंडोजवर विंडोज, ऑल्ट आणि आर एकदम. माइक बंद ठेवा, घरातलं बोलणं आत जायला नको.

नाव टिपताना चूक होते. डोक्यावर ठळक दिसतं ते डिस्प्ले नाव, ते हजार जणांचं सारखं असू शकतं. ‘@’ लावलेलं युजरनेम एकाचंच असतं, पण १००० रोबक्स भरून तेही बदलता येतं. त्याच्या प्रोफाइलच्या पत्त्यात जो आकडा असतो तो मात्र बदलत नाही. तो आकडा लिहून घ्या. मग खेळातल्या मेनूत खेळाडूंच्या यादीत त्याच्या नावापुढच्या झेंड्यावरून तक्रार, आणि ‘ॲडॉप्ट मी’च्या ट्रेड हिस्टरीत तो सौदा उघडून तिथूनही.

ए-२०२: आपल्या शाळेच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकून सगळ्यांना सावध केलं तर?

बी-३०३: नको. समोरचाही बहुधा दहा-बारा वर्षांचं लेकरूच असतं. शिवाय चोर दुसऱ्याचं नाव आणि तसाच पेहराव घेऊन येतो, आपण भलत्याच पोराला चोर ठरवू. पद्धत उघडी करा, डाव कसा टाकला ते दाखवा. नाव फक्त तक्रारीत.

अजून एक. ‘स्कॅमर पकडायचा व्हिडिओ करतोय, आमिष म्हणून तुझं पेट दे’ असं म्हणणारेही फिरतात. मागण्याचं कारण चांगलं वाटतं म्हणून मोठी पोरंही देतात. ज्याला खरंच दाखवायचंय तो स्वतःचं पेट वापरील.

डी-१०२: खरे पैसे गेले असतील, यूपीआयनं असो की कार्डानं, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन. जेवढ्या लवकर कराल तेवढी रक्कम पुढच्या खात्यात थांबवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतातच. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी. लेकराला रागावण्यात पहिला तास घालवू नका.

सचिव, ए-१०१: उत्तम. दोन टॅबलेट कोण आणतंय?

सी-२०४: एक माझा. दोन्ही खात्यांना ट्रेड लायसन्स, म्हणजे खेळातला अदलाबदलीचा परवाना, असलेलं बरं, त्याशिवाय भारी पेटं खिडकीत ठेवता येत नाहीत. ज्याच्याकडं नसेल त्यानं आज रात्री खेळातली परीक्षा देऊन ठेवावी. तिच्यात प्रश्न फसवणूक ओळखण्याचेच असतात, आईबापांनी शेजारी बसून सोडवून घ्या.

डी-४०१ काकू: दुसरा टॅबलेट आमचा घ्या. नातू परीक्षेला बसलाय, पहिला प्रश्न ट्रस्ट ट्रेडचाच आलाय.