काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेल्या मुलीसाठी बुद्धिबळाचा संच, बजेट ७०० : सल्ला हवा

परभणीची_आई : मुलगी आठवीत आहे. रविवारी शेजारच्या काकांना काळ्याकडून सातव्या चालीत मात दिली (घो घोडा, उं उंट, व वजीर, ह हत्ती, × म्हणजे मारणं): १ ई४ ई५, २ घो एफ३ घो सी६, ३ उं सी४ घो डी४, ४ घो×ई५ व जी५, ५ घो×एफ७ व×जी२, ६ ह एफ१ व×ई४ शह, ७ उं ई२ घो एफ३ मात. आता तिला स्पर्धेत खेळायचंय. ७०० रुपयांत संच कोणता घ्यावा?

अंबाजोगाईचा_वजीर : शिसमच घ्या. मी साडेचार हजारांना घेतला, प्रत्येक मोहऱ्याला आत वजन आहे. गल्लीत तसा दुसरा नाही.

उंट_तिरपा : अभिनंदन! पण हा ब्लॅकबर्न शिलिंग सापळा आहे, ई५चं प्यादं आमिष म्हणून सोडायचं. काकांनी चौथ्या चालीला घो×डी४ केलं असतं, तर पांढराच चांगला राहिला असता. तिला कारो-कान ही सुरुवात शिकवा, १ ई४ सी६.

नांदेडी : कारो-कान कशाला? ई५च खेळू द्या, फक्त दुसऱ्या चालीला घो एफ६, म्हणजे पेट्रॉफ बचाव. काळ्याकडून जिंकता येतंच, २०२५ला जॉर्जियात बातुमीला दिव्या देशमुखनं महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा निर्णायक जलद डाव काळ्याकडूनच जिंकला.

उंट_तिरपा : ती ग्रँडमास्टर झाली त्या दिवशी. आठवीतल्या पोरीला आधी मजबूत प्याद्यांची रचना कळू द्या.

लातूरचं_प्यादं : चुंबकी पट चुकूनही घेऊ नका. ऑनलाइन मागवला, एक घोडा कमीच आला. परत घ्यायला चार वेळा फोन, तरी कुणी दाद दिली नाही.

हिंगोली_६४ : ताई, कशाला एवढे पैसे घालवायलाव? गुंडाळायचा व्हिनाइलचा पट आणि प्लास्टिकची मोहरी घ्या. राजा साडेनऊ सेंटिमीटर, घर साडेपाच, स्पर्धेचं माप हेच. सोबत चाली लिहायची वही द्या. मोठ्या स्पर्धांत चाली लिहाव्याच लागतात, ती सवय आतापासून हवी.

बीडचा_हत्ती : शिसमच. आणि डिजिटल घड्याळही घ्या. घड्याळ दाबायचा सराव नसला की पोरं जिंकलेला डाव वेळ संपून हरतात.

अंबाजोगाईचा_वजीर : तेच म्हणालो मी.

परभणीची_आई : सगळ्यांचे आभार. आयोजकांना विचारलं, पट आणि घड्याळ तेच देणार आहेत. म्हणून संच घेत नाही. ७०० रुपये प्रवेश फी आणि एसटीच्या तिकिटाला ठेवले. वही मात्र आजच आणली. सापळा ती सोडणार नाही म्हणते, काका परत खेळायला येणार आहेत.