मतपत्रिकेची पुढची बाजू, मागची बाजू: अमेरिकेत फूट नक्की कुणात पडलीय?

मिझुरीकर:
मागे पुण्यात येऊन गेलो तर जो भेटला त्याने एकच विचारलं, काय रे, तुमच्याकडे आता फक्त हाणामारी व्हायची बाकी राहिलीय ना? दर वेळी चहा गार होईपर्यंत उत्तर देत बसायचा कंटाळा आला म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो.

मी सेंट लुईसजवळ १८ वर्षं राहतोय. मिझुरी राज्य. १९०४ ते २००४ या शंभर वर्षांत १९५६ चा अपवाद सोडला तर मिझुरीने ज्याला मत दिलं तोच अध्यक्ष झाला, म्हणजे वारा कुठे वाहतोय ते बघायला पत्रकार इथे यायचे. आता कुणी फिरकत नाही, रिपब्लिकन (म्हणजे ट्रम्पच्या, उजव्या पक्षाचं) राज्य म्हणून शिक्का बसलाय.

तर नोव्हेंबर २०२४ ची माझी मतपत्रिका. पुढे उमेदवारांची नावं, मागे जनमताचे प्रश्न. पुढच्या बाजूला राज्याने ट्रम्पना ५८ टक्के मतं दिली, सेनेटला, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाला, रिपब्लिकन जॉश हॉली पुन्हा निवडून दिला. आणि मागच्या बाजूला? गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घाला, हो (५१ टक्क्यांच्या जरा वर, पण हो). किमान वेतन तासाला १५ डॉलर करा आणि आजारपणाची पगारी रजा द्या, हो, ५७ टक्के. तीच माणसं, तेच पेन, तोच दिवस.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कामगार संघटनांचे हातपाय बांधणारा 'राइट टू वर्क' कायदा इथल्या लोकांनी दोनास एक मतांनी फेटाळला आणि तीनच महिन्यांनी त्याच लोकांनी संघटनांच्या बाजूच्या डेमोक्रॅट क्लेअर मॅकॅस्किलबाईंना सेनेटमधून घरी पाठवलं! २०२० मध्ये मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, वाढवायला ५३ टक्क्यांनी हो म्हटलं, त्यावर विधिमंडळ म्हणालं पैसेच देत नाही जा, शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये एकमताने ठणकावलं तेव्हा कुठे सुरू झालं.

माझं म्हणणं एवढंच की लोक धोरणावर तेवढे फुटलेले नाहीत जेवढे टीव्हीवर दिसतात, फूट आहे ती पक्षाच्या पाटीत. पाटी झाका, निम्मं भांडण संपतं. बोला.

डॅलसचा_दादा:
असहमत, आणि जरा रागानेच असहमत. तुम्ही निवडून निवडून डाव्यांना सोयीचे प्रश्न घेतलेत आणि वर त्याला 'लोकांचं मत' म्हणताय. त्याच मतपत्रिकेवर अजून एक प्रश्न होता तो सोयीस्करपणे गाळलात की काय? पसंतीक्रमाने मतदान करायच्या पद्धतीवर बंदी घाला, फक्त नागरिकच मतदान करतील असं घटनेत लिहा, मिझुरीने ६८ टक्क्यांनी हो म्हटलं. २०१६ मध्ये मतदानाला फोटो ओळखपत्र हवं, त्यालाही ६३ टक्के हो. ही कुणाची धोरणं?

आणि कॅलिफोर्नियाला चला. २०२० मध्ये बायडनना ६३ टक्के मतं देणाऱ्या राज्याने त्याच दिवशी कॉलेज प्रवेशात आणि सरकारी नोकरीत वंश बघायला परत परवानगी द्यायचा प्रस्ताव ५७ टक्क्यांनी आपटला. २०२४ मध्ये चोरीच्या शिक्षा कडक करायचा प्रस्ताव प्रचंड मतांनी पास. मी रिपब्लिकनांना मत देतो, लपवत नाही, आणि दर वेळी मला हेच ऐकवतात की बाबा तुझी खरी मतं डेमोक्रॅटच आहेत, तुला कळत नाहीत एवढंच. मला कळतात हो.

मिझुरीकर:
दादा, चूक मान्य, तो प्रश्न लिहायचा राहिला (शेवटाकडे असेल बहुतेक, मी तिथे पोचेपर्यंत मागे रांग खोकायला लागली होती). पण तुम्ही तर माझ्याच गाडीला धक्का मारलात की! कॅलिफोर्नियात बायडनना मत देणारा उजवं धोरण उचलतो, मिझुरीत ट्रम्पवाला डावं. म्हणजे पाटी एक, डोकं दुसरं. मी हेच म्हणतोय.

डॅलसचा_दादा:
नाही म्हणत तुम्ही हेच. तुम्ही म्हणताय पाटी खोटी आणि धोरण खरं. मी म्हणतो माणसाला पाटीच जास्त महत्त्वाची वाटते, आणि तो वेडा नाही. एक कायदा पटला नाही तर विधिमंडळ बदलेल, कोर्ट बदलेल. पण सुप्रीम कोर्टात कोण बसणार, सीमेवर काय होणार, शाळेत काय शिकवणार हे सगळं पाटीवरून ठरतं. न्यायमूर्ती स्कॅलिया १९८६ मध्ये सेनेटने ९८-० ने नेमले, गिन्सबर्ग १९९३ मध्ये ९६-३ ने. मग २०१६ मध्ये ओबामांनी सुचवलेल्या गार्लंडना सुनावणीच मिळाली नाही, २०२० मध्ये बॅरेट ५२-४८, एकही डेमोक्रॅट मत नाही, २०२२ मध्ये जॅक्सन ५३-४७. जेव्हा एकेक जागा अशी काठावर ठरते तेव्हा मी मागच्या बाजूचं कौतुक करत बसू का पुढची बाजू जिंकू?

ठकूताई:
दोघंही पुरुषी काथ्याकूट करताय, टक्के टक्के टक्के. खरं भांडण घरात आहे हो. मी न्यू जर्सीत आहे, आमच्या गणपतीत आरती झाली की जेवणाच्या दोन पंगती आपोआप पडतात, कोणी पाडत नाही, आपोआप. एकेकाळी मोदकावरून भांडायचो.

एक जुना सर्व्हे अभ्यासकांनी पुन्हा केला होता तो आठवतोय. १९६० मध्ये विचारलं, मुलाने किंवा मुलीने विरुद्ध पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर वाईट वाटेल का, शंभरातले जेमतेम पाच हो म्हणाले. २०१० मध्ये विचारलं तर रिपब्लिकनांतले जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांतले तिसरा हिस्सा हो म्हणाले. आणि ते ट्रम्पच्या आधीचं बरं का. हा प्रश्न आपल्याकडे कशाबद्दल विचारतात ते मराठी माणसाला सांगायला नको. पक्ष ही जात झालीय तिकडे. किमान वेतनावर एकमत आहे म्हणून काय झालं, आपल्याकडे पावसाच्या पाण्यावर अख्ख्या गावाचं एकमत असतं, म्हणून सोयरीक होते का?

फटकळ_आजोबा:
ठकूताई, जातीशी तुलना जरा जपून. जात जन्माला चिकटते, पक्ष सोडता येतो. बाकी सोयरिकीचं वाक्य फर्मास.

गोदाकाठ:
नाशिकहून एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, व्हिप मोडला की आमदारकी जाऊ शकते, म्हणून आमदार मुकाट हात वर करतो (किंवा अख्खा गट घेऊन गुवाहाटीला जातो, ते सोडा). अमेरिकेत असा कायदा नाही ना? मग तिथले लोक पक्षाला एवढे का घाबरतात? मनाला येईल तसं मत द्यावं की.

मिझुरीकर:
बाळबोध नाही, मेन प्रश्न हाच आहे. कायदा नाही पण प्रायमरी आहे. तिकीट पक्षाध्यक्ष देत नाही, पक्षाचे मतदार आधी एक निवडणूक घेऊन ठरवतात. तिला येतात थोडे लोक, आणि येतात ते सगळ्यात तापलेले. जिथे एकाच पक्षाचं राज्य आहे तिथे खरी निवडणूक तीच, नोव्हेंबर म्हणजे नुसता सत्यनारायण.

उदाहरण आमचेच हॉली. मे २०२५ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, मेडिकेड कापणं नैतिक दृष्ट्या चूक आहे आणि पक्षाला बुडवेल. बरोबर होतं, त्यांच्याच राज्याने मतदान करून ते मेडिकेड वाढवलंय. आणि १ जुलैला ट्रम्पचं करांचं-खर्चाचं मोठं बिल आलं, त्यात मेडिकेडची कपात, हॉलींनी हो म्हणून मत दिलं आणि बिल ५१-५० ने, उपाध्यक्षांच्या मताने पास. नंतर तीच कपात मागे घ्यायचं विधेयकही स्वतःच मांडलं!! नॉर्थ कॅरोलिनाचे रिपब्लिकन सेनेटर टिलिस 'नाही' म्हणाले, ट्रम्पनी प्रायमरीत दुसरा उभा करू अशी धमकी दिली, दुसऱ्याच दिवशी टिलिसनी पुन्हा लढणार नाही म्हणून सांगितलं. व्हिप कशाला लागतो मग?

साधासरळ:
मिझुरीकर, थिअरी गोड आहे पण तुमच्याच अंगणात ती पडते. मिझुरीची प्रायमरी खुली आहे ना? पक्षाची नोंदणी नसली तरी कोणीही जाऊन कुठल्याही पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. मग तुमचे ते ५७ टक्के समंजस लोक ऑगस्टमध्ये रिपब्लिकन मतपत्रिका घेऊन समंजस उमेदवार का निवडत नाहीत? कोणी अडवलंय? २०२१ मध्ये ट्रम्पवर महाभियोग चालवा म्हणणाऱ्या दहा रिपब्लिकन खासदारांपैकी दोनच टिकले, न्यूहाऊस वॉशिंग्टनचे, व्हॅलडेओ कॅलिफोर्नियाचे, दोन्ही राज्यांत सगळ्या पक्षांची एकत्र प्रायमरी आणि पहिले दोघं पुढे. लगेच लोक म्हणाले बघा, पद्धत बदला की माणूस वाचतो. पण त्याच वॉशिंग्टनमध्ये, त्याच पद्धतीत, त्या दहांतल्याच हेरेरा ब्यूटलरबाई पडल्या. आणि वायोमिंगमध्ये दहांतल्याच लिझ चेनी नुसत्या पडल्या नाहीत, सदतीस टक्क्यांनी पडल्या, डेमोक्रॅट लोकांनी पार्टी बदलून त्यांना मतं देऊनसुद्धा. हे पद्धतीचं काम नाही, लोकांना तेच हवं होतं.

आणि मतदारसंघांची कापाकापी म्हणाल तर तुम्ही ट्रम्पच्या नावाने बोटं मोडाल, पण सेंट लुईसहून पूल ओलांडून इलिनॉयला जा. संसदेच्या १७ जागा, १४ डेमोक्रॅट, ३ रिपब्लिकन, ट्रम्पला तिथे ४३ टक्के मतं आहेत. नकाशा बघा, सांडलेली कॉफी बरी दिसते.

मिझुरीकर:
इलिनॉयचा नकाशा लाजिरवाणा आहे, मी कधी नाही म्हटलं? पण सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या विधिमंडळाने काय केलं तेही बघा. ८ जागांत ६ रिपब्लिकन, २ डेमोक्रॅट होतं, ते ७-१ करायला कॅन्सस सिटीचे तुकडे करून खेड्यांना जोडले, २००४ पासून तिथून निवडून येणाऱ्या डेमोक्रॅट खासदार क्लीव्हरना पाडायला, आणि तेही जनगणना नसताना मधेच, कारण टेक्सासने केलं आणि वरून फोन आला. लोकांनी विचारलं का? उलट डिसेंबरात तीन लाखांवर सह्या जमा करून दिल्या की हा नकाशा आधी आमच्या मताला टाका.

डॅलसचा_दादा:
लोकांना विचारा म्हणताय ना? कॅलिफोर्नियाने विचारलं. स्वतंत्र आयोगाचा नकाशा बाजूला ठेवून डेमोक्रॅटांना आणखी पाच जागा मिळतील असा नकाशा लावू का, नोव्हेंबर २०२५, ६४ टक्के हो. हे तुमच्या मतपत्रिकेच्या मागच्या बाजूचे भाबडे लोक! पाटी झाकून नाही, पाटी पुढे करून मत दिलं त्यांनी.

मिझुरीकर:
हा फटका लागला. याला माझ्याकडे उत्तर नाही. इंडियाना राज्याच्या स्वतःच्या सेनेटमध्ये २१ रिपब्लिकनांनी ट्रम्पचं न ऐकता नवा नकाशा ३१-१९ ने पाडला, एवढंच उलटं उदाहरण देऊ शकतो, पण ते नेते होते, लोक नव्हेत. म्हणजे माझ्या थिअरीच्या बरोब्बर उलट झालं, लोक पाटीला चिकटले आणि नेत्यांनी सोडली. विचार करतो.

ठकूताई:
मिझुरीकर हरले!! तारीख लिहून ठेवा. (हलके घ्या.)

गोदाकाठ:
ते आजारपणाच्या रजेचं पुढे काय झालं? मिळते का लोकांना?

मिझुरीकर:
गेली. ती साध्या कायद्याने आणली होती, घटनेत घातली नव्हती, म्हणून विधिमंडळाला खोडता आली. १ मे २०२५ ला सुरू झाली, २८ ऑगस्टला बंद. तीस तास काम केलं की एक तास रजा साठायची, म्हणजे फुल टाइम माणसाला चार महिन्यांत जेमतेम तीन दिवस.

माझ्या शेजारच्या बाई नर्सिंग होममध्ये काम करतात, म्हाताऱ्यांना उचलून उचलून पाठीचा पार भुगा झालाय. ट्रम्पच्या पक्क्या मतदार, अंगणात झेंडा, आणि रजेला 'हो' म्हटलेलं त्यांनीच मला सांगितलं होतं. तीन दिवसांतले दोन वापरले म्हणाल्या. मी जरा खोचकपणेच विचारलं की आपल्या भागातल्या आमदाराने रजा बंद करायला मत दिलं, मग पुढच्या वेळी त्यालाच देणार का? त्या म्हणाल्या, त्याच्यासमोर उभं कोण होतं ते बघितलंस का तू?

घरी येऊन मतदानाच्या आधी छापून घेतलेली नमुना मतपत्रिका काढली. आमदाराच्या रकान्यात एकच नाव होतं. मीही त्याच्यासमोरचा गोल काळा केला होता.