लाटलेली माती वाकणं विसरत नाही
मातीच्या, पानाच्या आकाराच्या छोट्या तबकड्या वाळताना कडेने वर वळतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्याही सुरुवातीला अशाच वळायच्या. मूळ कारण बहुतेक वेळा लाटण्यात असतं. एकाच दिशेने लाटलं की मातीचे कण त्याच दिशेने रचले जातात. आणि स्लॅब, म्हणजे लाटलेली मातीची पोळी, उचलताना वाकली, तर नंतर सपाट केली तरी वाळताना ती पुन्हा तशीच वाकते! म्हणून दोन-तीनदा लाटलं की उलटी करा, दिशा बदला. उचलायची ती खालच्या कापडासकट. जाडी सारखी यावी म्हणून दोन्ही बाजूंना ५-६ मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवा. शेवटी दोन्हीकडून रबरी पट्टी दाबून फिरवा. मला हीच पायरी सगळ्यात आवडते, माती हाताखाली घट्ट होताना जाणवते.

कडा आधी वाळतात, तेव्हा फक्त कडा प्लास्टिकने झाका, मधला भाग उघडा ठेवा.

मातीचे देठ किंवा फुलं चिकटवायची असतील तर दोन्ही भागांत ओल सारखी हवी. जोडायच्या जागी ओरखडे पाडून त्याच मातीचा पातळ चिखल लावा आणि दाबा. नुसतं पाणी लावून चिकटवलेली फुलं माझ्या हातून बरीच गळाली आहेत.